डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना आपण नेमकं काय शिकवतो? (३ डिसेंबरच्या कार्यक्रमाबद्दल)

रानजाई | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा सांस्कृतिक समितीत माझं नाव आलंय आणि ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन माझ्या वाट्याला आलाय. जुनी फाईल हातात मिळाली, तिच्यात सगळं ठरलेलंच आहे. आठवी-नववीच्या मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना मैदानावर चालायला लावायचं. काहींचा एक हात पाठीशी बांधून डबा उघडायला सांगायचा. मग एखाद्या दिव्यांग पाहुण्यांना शाल-श्रीफळ, आणि शेवटी 'मला काय वाटलं' यावर निबंध.

फाईलमध्ये गेल्या वर्षीचे निवडक निबंधही लावलेले होते. ते घरी आणून वाचले. एका मुलीने लिहिलंय, 'पट्टी सोडल्यावर मी देवाचे आभार मानले. असं जगण्यापेक्षा न जगलेलं बरं.' त्याखाली लाल शाईत 'छान' असा शेरा. दुसऱ्या एकाचं म्हणणं, अंध माणसांनी एकटं बाहेर पडूच नये, घरच्यांनी त्यांना जपावं. अक्षर सुरेख, भाव खरा. या मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांत आपण जे दाखवलं, तेच त्यांनी कागदावर उतरवलंय.

हा नुसता माझा समज नाही. अमेरिकेत एरिएल सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः अंध आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टी बांधून कामं करायला लावलेल्या लोकांच्या मनात सहानुभूती होती, पण 'अंध माणूस नोकरी करू शकेल का, एकटा राहू शकेल का' असं विचारल्यावर त्यांनी अंधांना पट्टी न बांधलेल्यांपेक्षा कमी सक्षम ठरवलं. म्हणजे ज्यासाठी कार्यक्रम करायचा, त्याच्या नेमकं उलट घडलं.

आजी-आजोबा दिवसाचीही तीच गत. पाद्यपूजन होतं, नातवंडं हार घालतात, सगळ्यांचे डोळे पाणावतात. दुसऱ्या दिवशी तीच मुलं 'आजीला मोबाईलमधलं काही कळत नाही' म्हणून तिच्या हातातून फोन ओढून घेतात.

मला पट्टीचा खेळ बंद करायचाय. पण त्याऐवजी काय करायचं, हे हाताशी असल्याशिवाय मुख्याध्यापक ऐकणार नाहीत. तुमच्याकडे काही असेल तर सांगा. भाषणाचे मुद्दे नकोत, मुलांनी करायच्या गोष्टी हव्यात.

वारणाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

रानजाई ताई, विषय मोलाचा आहे, पण मला पूर्ण पटलं नाही. दयेला आपण इतकं वाईट का ठरवतोय? आमच्या गावात दोन्ही पाय गेलेल्या माणसाला लोकांनी वर्गणी काढून तीनचाकी घेऊन दिली. ती दयेपोटीच ना? पोरांच्या मनात आधी कळवळा तर येऊ दे. बरोबरीचं वागणं ही पुढची पायरी झाली. कळवळाच नसेल तर रॅम्पला पैसे कोण देईल?

सुपारीबाग | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वाचते आहे. आमच्या सोसायटीतही ३ डिसेंबरला असंच काहीतरी करतात, त्यामुळे उत्तरं मलाही हवी आहेत.

सहाठिपके | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी जन्मापासून अंध आहे, बँकेत अधिकारी आहे. हे सगळं स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकून लिहितोय.

वारणाकाठ, कळवळ्याशी माझं भांडण नाही. पण तो कुठे जाऊन थांबतो ते बघा. तीनचाकी घेऊन देणाऱ्यांपैकी कुणी त्या माणसाला आपल्या दुकानात हिशेबाला ठेवलं का? सोयरिकीच्या बैठकीत त्याचं मत विचारलं का? कळवळा वस्तू देतो आणि मोकळा होतो. त्या माणसाला गावाच्या व्यवहारात जागा मिळायची राहूनच जाते.

आता पट्टीबद्दल. पट्टी बांधलेल्या मुलाला मिळतात ती अंधत्वाची पहिली दहा मिनिटं, म्हणजे निव्वळ गोंधळ. मला जे येतं त्यातलं काहीच त्याला मिळत नाही. पांढरी काठी कशी चालवतात ते सांगतो. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, डावा पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा आधीच तपासून झालेली असते. भिंत जवळ आली की पावलांचा आवाज बदलतो. बोळ संपून रस्ता लागला की अंगावरचा वाराच सांगतो. हे शिकायला वेळ लागतो, आणि शिकल्यावर त्यात विशेष काही वाटत नाही. पट्टीवाल्या मुलाला यातलं कुणी काही शिकवत नाही, त्याला फक्त धडपडायला सोडतात. मग त्याने काय लिहावं?

शाखेत नवीन ग्राहक माझ्यासमोर उभा राहून शेजारच्या टेबलवर विचारतो, 'साहेब कुठे आहेत?' माझी पाटी टेबलावर असते, तरीही. सहकाऱ्यांचंही आधी असंच होतं. माझ्याशी मोठ्याने बोलायचे, जणू मला ऐकूही येत नाही. माझ्या वाट्याचं काम परस्पर उरकून टाकायचे आणि त्याला मदत म्हणायचे. हे बदललं ते मार्चअखेरीला. थकीत कर्जांची यादी जुळत नव्हती, माणसं कमी होती. रात्री उशिरापर्यंत आम्ही तिघं एकाच तक्त्यावर बसलो, आणि दोनदा धरलेली खाती माझ्या कानाला सापडली. त्यानंतर माझं काम कुणी परस्पर उरकलेलं नाही. मी चुकलो तर मला बोलतातही. ते मला फार आवडतं.

अजूनही कितीतरी ठिकाणी अंध ग्राहकाला चेकबुक किंवा एटीएम कार्ड द्यायला खळखळ करतात. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बजावलंय की चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग यातलं काहीही अंधत्वाच्या कारणाने नाकारता येणार नाही. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यायच्या सूचना २०१७ च्या आहेत. नियमांची उणीव नाही. काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात 'यांना जमणार नाही, उद्या काही झालं तर' हे बसलेलं असतं, तिथे घोडं अडतं.

रानजाई, माझी सूचना साधी आहे. दिव्यांग पाहुणा बोलवा, पण त्याची कहाणी ऐकायला नको. त्याच्या विषयाचा तास घ्यायला बोलवा. माझ्यासारखा आला तर चक्रवाढ व्याज शिकवेल, खातं उघडायला शिकवेल. मुलं सुरुवातीला डोळ्यांकडे बघतील. पंधरा मिनिटांत गणितात अडकतील, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या डोळ्यांवर राहणार नाही. तेवढंच हवंय.

निवृत्त_पाना | १० नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मी ७६ वर्षांचा. एसटीच्या कार्यशाळेत नोकरी केली, इंजिनं उतरवली, चढवली. आता कोणत्याही समारंभाला गेलो की पहिल्या रांगेत बसवतात, फूल देतात, आणि नंतर कुणी काही विचारत नाही.

पाद्यपूजनाबद्दल तुमचं बरोबर आहे. माझे पाय धुऊ नका. मला सायकलचं पंक्चर काढायला मुलं द्या, डायनॅमो उघडून दाखवायला द्या.

दवाखान्यात मुलगी बरोबर असली की डॉक्टर तिलाच विचारतात, 'यांना झोप लागते का?' मी समोर बसलेला असतो. कान शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे. एकदा तिनेच सांगितलं, 'त्यांना विचारा, झोप त्यांची आहे.' पाय सुजतात म्हटलं तर 'वय झालं, आता असंच चालायचं.' वय हे निदान कसं झालं? पन्नाशीतल्या माणसाचे पाय सुजले असते तर चार तपासण्या लिहून दिल्या असत्या.

पण आमच्या पिढीचाही यात वाटा आहे. कट्ट्यावर बसलं की 'आता काय राहिलंय आपलं' हा जप सुरू होतो. तरुणपणी आपणच म्हाताऱ्यांबद्दल जे म्हणत आलो, ते पुढे स्वतःला लागू करतो. याचाही अभ्यास झालाय. बेका लेव्ही या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पन्नाशीपुढच्या ६६० जणांची माहिती तपासली. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल चांगलं मत असलेली माणसं, वाईट मत असलेल्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. मी कट्ट्यावर वाचून दाखवलं, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

आणि एक सांगतो, रागावू नका. नाना-नानी पार्क, विरंगुळा केंद्र या सोयी चांगल्या आहेत, मी स्वतः जातो. पण म्हाताऱ्यांची बाग वेगळी आणि पोरांची वेगळी केली, तर दोघांनी एकमेकांना भेटायचं कुठे?

मानस_वाचक | १० नोव्हेंबर, दुपारी १:१०

मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे, थोडी भर घालतो. सहाठिपके यांच्या मार्चअखेरीच्या प्रसंगात जे घडलं त्याची मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच केली होती. दोन गट नुसते समोरासमोर आले म्हणून पूर्वग्रह जात नाही. चार गोष्टी असल्या तर तो कमी व्हायची शक्यता वाढते: दोघांचा दर्जा त्या वेळेपुरता तरी सारखा, उद्दिष्ट एकच, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरिष्ठांचा किंवा संस्थेचा उघड पाठिंबा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले (२००६). सहवासाने पूर्वग्रह कमी होतो हे त्यात दिसलंच, आणि या चार अटी पाळलेल्या ठिकाणी परिणाम जास्त होता. वंशापुरतं नाही, अपंगत्व आणि वय यांबाबतही.

शाल-श्रीफळाचा कार्यक्रम या कसोटीवर लावून पाहा. पाहुणा मंचावर, मुलं सतरंजीवर. पाहुणा बोलतो, मुलं टाळ्या वाजवतात. चारपैकी एकच अट पुरी होते, शाळेचा पाठिंबा.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा वयभेदावरचा अहवालही हेच सांगतो. जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वृद्धांबद्दल पूर्वग्रह असतो, असा त्यांचा अंदाज आहे. उपाय तीन दिलेत: कायदे आणि धोरणं, शिक्षण, आणि पिढ्यांनी एकत्र येऊन काही करणं.

वारणाकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी २:४५

कायद्याचं काय मग? अपमान केला तर शिक्षा आहे असं ऐकलंय.

मानस_वाचक | १० नोव्हेंबर, दुपारी ३:०५

आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२. लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. पण 'यांना जमणार नाही' असं मनात म्हणून नोकरीचा अर्ज बाजूला ठेवणाऱ्याला हे कलम कुठून लागणार?

तीन_पायऱ्या | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

पोलिओमुळे व्हीलचेअर वापरते. आमच्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या होत्या, नाव तिथूनच घेतलंय.

वार्षिक सभेत रॅम्पचा विषय काढला. 'एका फ्लॅटसाठी सगळ्यांचा खर्च कशाला?' 'लागेल तेव्हा वॉचमन उचलेल की.' हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. दिवाळीला फराळाचं ताट न चुकता पाठवणारी होती. वॉचमनने उचलणं म्हणजे काय असतं, ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एका परक्या पुरुषाने काखेत हात घालून दिवसातून दोनदा उचलायचं, तो जेवायला गेला असेल तर दारात ताटकळायचं, आणि प्रत्येक वेळी कृतज्ञ दिसायचं.

शेवटी रॅम्प मंजूर झाला, पण कंत्राटदाराने तीन पायऱ्यांवर फळी टाकावी तसा चार फुटांचा उतार करून दिला. त्यावरून सिलिंडरसुद्धा घसरला असता. तेव्हा मी कमिटीला हिशेब मांडून दिला. उताराचं प्रमाण एकास बारा लागतं, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच उंची, त्याला १८ फूट रॅम्प. सरळ जागा नव्हती म्हणून मध्ये सपाट भाग ठेवून वळवला, दोन्ही बाजूंना कठडे लावले.

आता तो सगळ्यात जास्त कोण वापरतं? गुडघे दुखणाऱ्या आज्या, बाळाच्या गाड्या, बॅगा ओढत येणारी पोरं, पाण्याचे जार आणणारा. तेच काका, ज्यांनी खर्चावरून वाद घातला होता, काकूंच्या कंबरेच्या ऑपरेशननंतर त्यांना याच रॅम्पवरून घरी घेऊन आले. अपंगत्व आणि म्हातारपण आपण दोन वेगळ्या कप्प्यांत टाकतो, पण पायरीपाशी दोन्ही एकच होतात.

रानजाई, नववीच्या बीजगणितात गुणोत्तर व प्रमाण आहे ना? मुलांच्या हातात टेप द्या आणि गावातले रॅम्प मोजायला पाठवा. शाळा, पोस्ट, बँक, ग्रामपंचायत, एसटी स्थानक, देऊळ. शाळेत मतदान केंद्र असेल तर तिथला रॅम्पही बघा, निवडणुकीपुरता केलेला की कायमचा. आणि मोजायला एखादी व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती बरोबर घ्या, परीक्षक म्हणून. 'हा उतार मला चढता येतो की नाही' याचा निकाल ती देईल. इथे तज्ज्ञ तीच.

रानजाई | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

हेच हवं होतं! गणिताच्या सरांशी उद्याच बोलते.

डच_गावठाण | ११ नोव्हेंबर, पहाटे २:१०

नेदरलँड्समध्ये राहते. इथे डेव्हेंटर गावात ह्युमानिटास नावाचं वृद्धनिवास आहे. तिथे २०१२ पासून विद्यार्थ्यांना फुकट खोली देतात. अट एकच, महिन्याला ३० तास आजी-आजोबांचे चांगले शेजारी होऊन राहायचं. शुश्रूषा करायची नाही, शेजार करायचा. एकत्र जेवायचं, मॅच बघायची, कॉम्प्युटर शिकवायचा. इकडे घरभाडं विद्यार्थ्यांना परवडत नाही, त्यामुळे मुलांनाही गरज असते. कुणी कुणावर उपकार करत नाही, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

लेकाची_आई | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

सगळ्यांचं वाचलं. खूप पटलं, आणि थोडं टोचलंही, ते सांगते.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षम आहे. तो बँकेत अधिकारी होणार नाही. व्याज शिकवणार नाही, रॅम्पचा निकालही देणार नाही. 'बघा, यांनाही सगळं जमतं' असं म्हणून पूर्वग्रह घालवायचा असेल, तर ज्यांना जमत नाही त्यांचं काय? निवृत्त पाना काका, तुमचं डोकं शाबूत आहे याचा आनंद आहे. पण माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. त्यांचं शाबूत नाही. म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलावं का? मी मध्येच थांबवून म्हणते, 'त्यांच्याकडे बघून बोला, उत्तर मी देईन.' त्या हसतात. त्यांना कळतं की आपल्याशी कुणीतरी बोलतंय.

माझा लेक कार्यशाळेत फायलींना टॅग ओवतो. दोन भोकं जुळवायची, टॅगचं धातूचं टोक आतून घालायचं, बाहेरून ओढून घ्यायचं. एका फाईलला त्याला बराच वेळ लागतो. मध्येच टोक सापडत नाही, मग तो थांबतो, फाईल उजेडाकडे धरतो, पुन्हा बघतो. जवळ उभा असलेला माणूस इथेच हात पुढे करतो. 'दे, मी करतो.' त्या क्षणी तो दोन्ही हात मांडीवर ठेवतो आणि त्या दिवशी पुढे काही करत नाही.

शेजारच्या दोन मुली सुट्टीत त्याच्याबरोबर बसल्या होत्या. पहिले दोन दिवस त्यांनीही हात पुढे केला. मग त्यांना कळलं, आणि त्या थांबायला शिकल्या. आपली फाईल ओवायची, गप्पा मारायच्या, त्याची होईपर्यंत वाट बघायची. आता लिफ्टमध्ये भेटल्या तरी त्याने बटण दाबेपर्यंत त्या दाबत नाहीत. माझ्या माहितीतला खरा बदल हा एवढाच आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो.

तेव्हा रानजाई, हुशार आणि यशस्वी पाहुण्यांपुरतं थांबू नका एवढीच विनंती. मुलांनी आमच्या मुलांबरोबर काहीतरी करावं, ज्यात घाई नाही आणि नंबर नाही. वाफे करणं, कागदी पिशव्या, लेझीम. लेझीम माझ्या मुलाला फार आवडतं, ठेका चुकला तरी.

सहाठिपके | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

ताई, तुमचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या पुढे जातं. काम येतं म्हणून मान, हा हिशेब मलाही एक दिवस सोडेल. निवृत्त झाल्यावर मी कुणाच्या यादीतली खाती शोधणार?

निवृत्त_पाना | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:००

लेकाची आई, तुमची पोस्ट कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे. आमच्यातले एक मित्र हल्ली नावं विसरतात. आम्ही त्यांच्याशी बोलणं कमी केलं होतं. उद्या त्यांना घरून घेऊन येतो.

वारणाकाठ | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

दयेबद्दल माझं मत अजून तेच आहे, सुरुवात तिथून होते. पण पुढे काय, हे इथे कळलं. रानजाई ताई, पालकांचा विचार केलात का? आमच्याकडे विशेष मुलांबरोबर कार्यक्रम म्हटलं की चार पालक तरी येतात, 'आमच्या मुलांच्या अभ्यासाचं नुकसान होतं' म्हणून.

रानजाई | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आज मुख्याध्यापकांशी सविस्तर बोलणं झालं. त्यांना गेल्या वर्षीचा तो निबंध वाचायला दिला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पट्टी बंद करा.

३ डिसेंबरला नववीचे दोन वर्ग गावातले रॅम्प मोजतील. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका ताईंशी बोलणं झालंय. त्या शिवणकाम करतात, त्यामुळे दिवसाची मजुरी बुडते. ती शाळेने द्यावी असं मी सुचवलं आणि सरांनी मान्य केलं. मोजणीचा तक्ता ग्रामपंचायतीला मुलांच्या सहीने देणार. शाल-श्रीफळ मात्र राहिलं, संस्थेच्या अध्यक्षांचा आग्रह आहे.

लेकाची आई, विशेष शाळेबरोबर एका दिवसाचा कार्यक्रम करायचा नाही असं ठरवलंय. दर शनिवारी दप्तराविना तास असतो, त्यात दोन्ही शाळांची मुलं मिळून शाळेमागचे वाफे करतील, मार्चपर्यंत. मुलांना आधी सांगायची गोष्ट एकच: हात पुढे करण्याआधी थांबा. वारणाकाठ, पालक येतील, त्यांना मी शनिवारीच बोलावणार आहे, वाफ्यापाशी.

आजोबांच्या पंक्चरच्या तासासाठी गावातले दोन निवृत्त कारागीर तयार आहेत. एकाने विचारलं, हार घालणार नाही ना?

तीन पायऱ्या, मुलांना मोजायला नेमकं काय सांगू? सोप्या भाषेत यादी मिळेल का?

तीन_पायऱ्या | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

घ्या. रॅम्पची उंची आणि लांबी मोजून लांबीला उंचीने भागायचं, बारापेक्षा कमी आला तर उतार जास्त खडा आहे. कठडा आहे का, एका बाजूला की दोन्ही. रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लावलेली आहे का, हे नक्की लिहा, निम्म्या ठिकाणी अडचण तीच असते. रॅम्प संपतो तिथे उंबरा आहे का. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. काउंटरची उंची, खुर्चीत बसून पलीकडचा माणूस दिसतो का. शौचालयाचं दार आत उघडतं की बाहेर. आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागत नाही. आणि शौचालयाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे तेही विचारायला सांगा.